सेवकांच्या सेवकाची हिशोबवही

पोप संत ग्रेगरी महान (सुमारे ५४० ते ६०४)

मार्च महिना आला की चर्चच्या ऑफिसातली गडबड वाढते. पावतीपुस्तके गोळा होतात, व्हाउचरे नंबरवार लावली जातात, बँकेच्या पासबुकाशी रोजकीर्द पडताळून पाहिली जाते. सणाच्या मंडपाचे बिल अजून आलेले नसते, म्हणून कुणीतरी मंडपवाल्याला फोन करत असतो. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, मग ऑडिटर येतात आणि ताळेबंद तयार होतो. आपल्यापैकी बहुतेकांना हे काम प्रमुख धर्मगुरूंचे आणि अर्थ समितीच्या चार-पाच सभासदांचे वाटते. रविवारी दानथैलीत पैसे टाकले की आपला संबंध संपला, असे आपण धरून चालतो.

ह्याच मार्च महिन्यात, १२ तारखेला, इ. स. ६०४ साली रोम शहरात पोप ग्रेगरी प्रभूघरी गेले. १२९८ साली पोप बोनिफास आठवे ह्यांनी संत अँब्रोज, संत ऑगस्टीन व संत जेरोम ह्यांच्याबरोबर त्यांना ख्रिस्तसभेचे महापंडित म्हणून गौरवले. आपण त्यांना ओळखतो ते ग्रेगोरियन गायनामुळे आणि मृतांसाठी अर्पण केल्या जाणाऱ्या ३० ग्रेगोरियन मिस्सांमुळे. त्यांची आणखी एक ओळख मात्र फारशी सांगितली जात नाही. चर्चचा पैसा कसा घ्यावा, कसा मोजावा, कुठे खर्चावा आणि त्याचा जाब कुणाला द्यावा, हे त्यांनी पोपपदाच्या सुमारे साडेतेरा वर्षांत कृतीने दाखवून दिले.

पूर्वी त्यांचा सण १२ मार्चला, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असे. तो दिवस नेहमी उपवासकाळात येतो. म्हणून १९६९ सालच्या उपासना पंचांगाच्या सुधारणेत तो ३ सप्टेंबरला, त्यांच्या अभिषेकाच्या दिवशी नेण्यात आला. ही तारीखही आपल्या विषयाला धरून आहे. त्या काळच्या रोमन साम्राज्यात सरकारी करवर्ष १ सप्टेंबरला सुरू होई आणि ३१ ऑगस्टला संपे. ३ सप्टेंबर ५९० रोजी ग्रेगरी ह्यांचा अभिषेक झाला तेव्हा नवे वर्ष सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. त्यांची सुमारे ८५० पत्रे आज उपलब्ध आहेत आणि ती ह्याच करवर्षांप्रमाणे १४ भागांत लावलेली आहेत. त्यांत प्रार्थना आणि उपदेश आहेच; शिवाय गहू, घोडे, खंड, कर्ज आणि मापटी ह्यांचाही पुष्कळ मजकूर आहे.

श्रीमंत घरातला मठवासी

ग्रेगरी ह्यांचा जन्म सुमारे ५४० साली रोममध्ये एका जुन्या, श्रीमंत घराण्यात झाला. वडिलांचे नाव गॉर्डियानुस आणि आईचे सिल्व्हिया. आईलाही ख्रिस्तसभा संत मानते. त्यांच्या पूर्वजांपैकी एक, फेलिक्स तिसरे, पोप होऊन गेले होते. सीलियन टेकडीवर मोठा वाडा होता आणि सिसिली बेटावर जमिनी होत्या. परंतु ज्या रोममध्ये ते वाढले ते वैभवातले रोम नव्हते. गॉथ लोकांशी चाललेल्या दीर्घ युद्धात शहर अनेकदा ह्या हातून त्या हाती गेले होते आणि वस्ती ओसरली होती.

वयाच्या तिशीच्या आसपास, सुमारे ५७३ साली, ग्रेगरी शहराचे प्रीफेक्ट झाले. हे रोममधील सर्वांत वरचे नागरी पद होते. धान्यपुरवठा, पैसा, बंदोबस्त ह्यांची जबाबदारी त्या पदावर असे. हिशोब कसे पाहावेत आणि अधिकारी ते कसे फिरवतात, हे त्यांना तिथे जवळून पाहायला मिळाले असणार.

मग त्यांनी सारे सोडले. राहत्या वाड्याचे संत आंद्रियाच्या नावाने मठात रूपांतर केले, सिसिलीतल्या जमिनींवर सहा मठ स्थापन केले, उरलेली संपत्ती गरिबांना दिली आणि स्वतः साधे मठवासी झाले. तो काळ आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा होता, असे ते पुढे नेहमी म्हणत. पण ख्रिस्तसभेने त्यांना मठात राहू दिले नाही. ५७९ साली पोप पेलाजियस दुसरे ह्यांनी त्यांना आपले प्रतिनिधी म्हणून कॉन्स्टॅन्टिनोपलला सम्राटाच्या दरबारी धाडले. सुमारे सहा वर्षांनी ते परत आले.

सोन्याची तीन नाणी

आपण ज्या ३० ग्रेगोरियन मिस्सा अर्पण करतो त्यांचा उगम पैशाच्याच एका प्रसंगात आहे. तो खुद्द ग्रेगरी ह्यांनी लिहून ठेवला आहे.

त्यांच्या मठात युस्तुस नावाचे एक मठवासी होते. त्यांना वैद्यकी येत असे आणि आजारपणात ग्रेगरी ह्यांची सेवाही त्यांनी केली होती. युस्तुस स्वतः मरणपंथाला लागले तेव्हा त्यांनी औषधांमध्ये सोन्याची तीन नाणी लपवून ठेवल्याचे उघडकीला आले. मठात सारे काही सामाईक असावे, कुणाचे स्वतःचे काही नसावे, असा नियम होता. रक्कम लहान होती, परंतु ती कुणालाही न सांगता ठेवलेली होती. ग्रेगरी ह्यांनी कठोर निर्णय घेतला. मरणाऱ्याजवळ सांत्वनाला कुणी बसू नये, आणि मृत्यूनंतर नाण्यांसकट त्यांना मठाच्या दफनभूमीबाहेर पुरावे. युस्तुस ह्यांना पश्चात्ताप झाला आणि त्याच अवस्थेत त्यांनी प्राण सोडला.

शिक्षा झाली, पण ग्रेगरी ह्यांचे मन शांत होईना. तीस दिवस रोज युस्तुस ह्यांच्यासाठी पवित्र मिस्सा अर्पण करावी, एकही दिवस चुकवू नये, असे त्यांनी मठाच्या प्रमुखांना सांगितले. दिवसांची मोजणी कुणी ठेवलेली नव्हती. एके रात्री युस्तुस आपल्या भावाला दिसले आणि आता आपण बरे आहोत असे म्हणाले. दिवस मोजून पाहिले तेव्हा तो तिसावा दिवस होता.

लपवलेल्या पैशाबाबत इतके कडक आणि चुकलेल्या माणसाबाबत इतके हळवे, असे हे संत होते. त्यांचे पुढचे आयुष्य समजून घेताना ह्या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पुरात गेलेले धान्य

५८९ च्या अखेरीस टायबर नदीला मोठा पूर आला. चर्चची धान्याची कोठारे कोसळली आणि हजारो मापे गहू वाहून गेला. पाठोपाठ प्लेगची साथ आली आणि फेब्रुवारी ५९० मध्ये पोप पेलाजियस तिच्यात दगावले. लोकांनी व धर्मगुरूंनी ग्रेगरी ह्यांची निवड केली. त्यांना हे पद नको होते, पण सम्राटाची संमती आली आणि अभिषेक झाला.

शहर भुकेले, कोठारे पडलेली, उत्तरेकडून लोम्बार्ड टोळ्यांची चढाई, असे ते दिवस होते. ग्रेगरी ह्यांच्या हाती एकच साधन होते. शतकानुशतके भाविकांनी संत पेत्राच्या नावाने दान केलेल्या जमिनी सिसिली, दक्षिण इटली, सार्डिनिया, कॉर्सिका, डाल्मेशिया, गॉल (आजचा फ्रान्स) आणि उत्तर आफ्रिका इथे पसरलेल्या होत्या. त्यांचे उत्पन्न रोमला येई. प्रत्येक भागावर एक कारभारी नेमलेला असे. सर्वांत मोठा भाग सिसिलीचा होता. तिथे ग्रेगरी ह्यांनी पीटर नावाच्या आपल्या विश्वासातल्या सब-डिकनला पाठवले आणि त्यांना पत्रामागून पत्र लिहिले. आजही अर्थ समितीच्या सभासदांनी वाचावीत अशी ती पत्रे आहेत.

एका पत्रात घोड्यांचा हिशोब आहे. चर्चच्या मालकीच्या घोड्यांचे कळप सांभाळणाऱ्या गुराख्यांवर वर्षाला सोन्याची ६० नाणी खर्च होत होती, आणि त्या कळपांपासून हलकी ६० नाणीही मिळत नव्हती. ग्रेगरी ह्यांनी आज्ञा केली की थोड्या तरुण घोड्या कुळांना वाटून ठेवाव्यात आणि बाकीचे कळप विकून टाकावेत. वर्षानुवर्षे चालत आले म्हणून चालू ठेवलेला खर्च त्यांनी असा एका ओळीत थांबवला.

त्याच पत्रात थोडी थट्टाही आहे. पीटर ह्यांनी पोपसाठी एक घोडा व पाच गाढवे पाठवली होती. ग्रेगरी ह्यांनी कळवले की घोडा इतका मरतुकडा आहे की त्याच्यावर बसवत नाही, आणि गाढवे उत्तम आहेत, पण ती गाढवे असल्यामुळे त्यांच्यावरही बसता येत नाही.

मापटे कुणाचे?

५९१ साली पीटर ह्यांना लिहिलेले एक लांबलचक पत्र विशेष महत्त्वाचे आहे. चर्चच्या जमिनी कसणारी कुळे खंड म्हणून धान्य देत. आपल्याकडे पायलीने मोजत तसे ते मोडियस नावाच्या मापट्याने मोजले जाई. मापटे मोठे केले की कागदावर खंड तेवढाच राहतो, पण शेतकऱ्याच्या खळ्यातून जास्त धान्य जाते. मोडियसमध्ये सेक्स्टारियस नावाची १८ लहान मापे मावावीत, त्याहून मोठे मापटे चर्चच्या जमिनींवर कुणी वापरू नये, असा हुकूम ग्रेगरी ह्यांनी दिला. पीक भरपूर आले म्हणून शेतकऱ्याकडून पडत्या भावाने गहू घेऊ नये, बाजारभावच द्यावा, असेही त्यांनी सांगितले. कुळांच्या घरच्या लग्नावर मनाला येईल तेवढी फी घेतली जात होती. ती सोन्याच्या एका नाण्याहून जास्त नसावी आणि गरिबाला त्याहून कमी असावी, असे ठरवून दिले. खोटी वजने मोडून टाकण्याची आज्ञाही त्यांनी केली.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. कराचा पहिला हप्ता पीक विकण्याआधीच भरावा लागे. शेतकरी तो भरण्यासाठी सावकाराकडे जाई आणि व्याजात बुडे. ग्रेगरी ह्यांनी सांगितले की ती रक्कम चर्चच्या पैशातून उसनी द्यावी आणि सवडीने, थोडी थोडी परत घ्यावी. मागच्या कारभाऱ्यांनी चर्चच्या नावाखाली बळकावलेल्या जमिनी व वस्तू ज्यांच्या त्यांना परत कराव्यात, असेही ते लिहितात.

ह्या सर्वांवर त्यांनी एक शहाणपणाचा उपाय केला. प्रत्येक कुळाला त्याचे देणे किती हे कागदावर लिहून द्यायचे आणि हे पत्र सर्व जमिनींवर शेतकऱ्यांना वाचून दाखवायचे. पोप आज आहेत, उद्या नसतील. पुढचा कारभारी वाढीव मागणी करू लागला तर शेतकऱ्याच्या हातात कागद असावा, ह्यासाठी ही तजवीज होती. चर्चच्या थैलीत अन्यायाचा एकही पैसा येऊ नये, ह्यावर त्यांचा कटाक्ष होता. ५९२ साली पीटर ह्यांना रोमला परत बोलावले तेव्हाही हिशोबाचे कागद बरोबर आणायला सांगितले होते.

गरिबांची नावे असलेली वही

जमा बाजूला जेवढी काळजी घेतली तेवढीच खर्चाच्या बाजूलाही. त्यांच्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी जॉन नावाच्या डिकनने त्यांचे चरित्र लिहिले. तेव्हाही लॅटरन राजवाड्याच्या दप्तरखान्यात पपायरसची एक जाडजूड नोंदवही होती. चर्चकडून मदत मिळणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे, वये, राहण्याची ठिकाणे आणि दिलेली रक्कम तिच्यात नोंदलेली होती. रोममधलेच नव्हे, तर दूरच्या शहरांतले लोकही तिच्यात होते.

खर्चाचे वेळापत्रक ठरलेले असे. ईस्टर, प्रेषितांचा सण, संत आंद्रियाचा सण आणि स्वतःच्या अभिषेकाचा वार्षिक दिवस, असे वर्षातून चार वेळा धर्मगुरू, मठ, चर्चेस, दफनभूमी व धर्मशाळा ह्यांना पैसे दिले जात. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला गरिबांना हंगामाप्रमाणे गहू, द्राक्षारस, चीज, भाजी, मासळी, तेल वाटले जाई. आजारी व अपंग माणसांकडे रोज रस्त्यारस्त्यांतून शिजवलेले अन्न पोहोचवले जाई. ज्यांना मागायची लाज वाटे अशा घरंदाज गरजूंकडे पोप स्वतः जेवायला बसण्याआधी आपल्या ताटातले अन्न पाठवत. एकदा शहरात एक गरीब माणूस मेलेला सापडला. तो आपल्याच निष्काळजीपणामुळे मेला असे मानून ग्रेगरी ह्यांनी काही दिवस मिस्सा अर्पण केली नाही, असे तो चरित्रकार सांगतो.

दान देणाऱ्यालाही ते हिशोब देत. ५९७ साली सम्राटाची बहीण थिओक्तिस्ता हिने ३० पौंड सोने पाठवले. ग्रेगरी ह्यांनी उत्तरात ते कसे खर्च केले हे कळवले. निम्मे सोने लोम्बार्डांनी क्रोतोने शहरातून पळवून नेलेल्या कैद्यांच्या सुटकेसाठी गेले. त्या हिवाळ्यात रोममध्ये कडाक्याची थंडी होती, म्हणून निम्म्यातून धर्मभगिनींसाठी अंथरूण-पांघरूण घेतले. नोंदवहीप्रमाणे रोममध्ये अशा धर्मभगिनी ३००० होत्या आणि त्यांना संत पेत्राच्या उत्पन्नातून वर्षाला ८० पौंड सोने दिले जात होते. हा आकडाही त्यांनी त्याच पत्रात दिला आहे.

पैसा जिथला तिथे उपयोगी लावण्याची दृष्टीही त्यांना होती. गॉलमधल्या जमिनींचे उत्पन्न तिथल्या नाण्यांत येई आणि ती नाणी रोममध्ये चालत नसत. ५९५ साली त्यांनी तिथला कारभारी कँडिडस ह्यांना कळवले की ते पैसे तिथेच खर्चावेत, गरिबांसाठी कपडे घ्यावेत, किंवा गुलाम म्हणून विकली जाणारी सतरा-अठरा वर्षांची इंग्लिश मुले विकत घेऊन मठांत वाढवावीत. पुढच्याच वर्षी त्यांनी संत ऑगस्टीन ह्यांना इंग्लंडला धाडले.

हेच ऑगस्टीन कँटरबरीचे बिशप झाल्यावर त्यांनी चर्चला मिळणाऱ्या दानाचे वाटप कसे करावे हे विचारले. रोमची जुनी रीत ग्रेगरी ह्यांनी त्यांना सांगितली. उत्पन्नाचे चार भाग करायचे. एक बिशपांना, त्यांच्याकडच्या पाहुणचाराच्या खर्चासह, एक धर्मगुरूंना, एक गरिबांना आणि एक चर्चच्या इमारतींच्या दुरुस्तीला. गरिबांचा वाटा उरलासुरला नव्हता. तो आधीच वेगळा काढलेला होता. गरिबाला त्याच्या गरजेचे देणे म्हणजे त्याचेच त्याला परत करणे होय, अशी त्यांची शिकवण होती.

युद्ध, कैदी आणि फी

५९३ साली लोम्बार्ड राजा अजिलुल्फ रोमवर चालून आला. गळ्यात दोर बांधून रोमन माणसे विक्रीसाठी नेली जाताना ग्रेगरी ह्यांनी स्वतः पाहिली. एझेकिएल संदेष्ट्याच्या ग्रंथावर त्यांची प्रवचने चालू होती, ती त्यांना थांबवावी लागली. शहराचे रक्षण, कैद्यांचा दंड, शत्रूला द्यावे लागणारे पैसे हा सारा भार चर्चच्या तिजोरीवर पडला. ५९५ साली सम्राज्ञीला लिहिताना त्यांनी म्हटले की रावेन्नात सम्राटाचा एक खजिनदार आहे, तसा रोममध्ये तो खजिनदार मीच झालो आहे. कैद्यांना सोडवण्यासाठी दुसरा मार्ग नसेल तर पवित्र भांडीसुद्धा विकण्याची त्यांनी बिशपांना मुभा दिली.

इतकी ओढाताण असतानाही उत्पन्नाची काही दारे त्यांनी स्वतःच बंद केली. ५९५ च्या रोममधल्या धर्मसभेत त्यांनी धर्मगुरुदीक्षेसाठी व त्यासंबंधीच्या कागदपत्रांसाठी पैसे घेण्यास मनाई केली. सार्डिनियात एका आईकडून मुलीच्या दफनासाठी सोन्याची १०० नाणी मागितली गेली. तिची तक्रार आल्यावर ग्रेगरी ह्यांनी तिथल्या बिशपांना कडक शब्दांत लिहिले. कबरीच्या जागेचा भाव करू नये. नातेवाइकांनी आपखुशीने मेणबत्त्यांसाठी काही दिले तर घ्यावे, मागू मात्र नये. पालेर्मोच्या बिशपांनी यहुदी बांधवांची सभास्थाने बळकावून त्यांची चर्चेस केली, तेव्हा त्यांची योग्य किंमत द्यायला आणि आतले ग्रंथ व वस्तू परत करायला लावले. चर्चला फायदा झाला म्हणून अन्याय न्याय्य ठरत नाही, असा ह्याचा अर्थ होता.

बारा वर्षांनी सापडलेले माप

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी संधिवाताने अंथरुणावर काढली. कित्येक दिवस उठून बसणेही जमत नसे. तरीही पत्रे चालूच होती.

६०३ च्या सुमारास सिसिलीचे तेव्हाचे कारभारी पँतालिओ ह्यांचे पत्र आले. चर्चच्या जमिनींवर धान्य मोजायला वापरले जाणारे एक मापटे त्यांनी तपासले, तर त्यात १८ च्या जागी २५ सेक्स्टारियस मावत होते. म्हणजे शेतकऱ्याने १८ द्यायचे तिथे त्याच्याकडून ७ जास्त जात होते. बारा वर्षांपूर्वी स्पष्ट हुकूम गेला होता, तो सर्व जमिनींवर वाचून दाखवायला सांगितला होता, आणि तरीही हे घडले. दरम्यान चर्चच्या वहीत जमा दिसत होती आणि कागदावर सारे ठीक होते.

पँतालिओ ह्यांनी ते मापटे मोडून टाकले होते. ग्रेगरी ह्यांनी त्यांना शाबासकी दिली, पण प्रकरण तिथे संपवले नाही. ह्या खोट्या मापाने आजवर किती जास्त धान्य आले असेल ह्याचा अंदाज करावा आणि तेवढ्या किमतीच्या गाई, मेंढ्या व डुकरे त्या त्या जमिनीवरच्या गरीब शेतकऱ्यांना वाटून द्यावीत, असे त्यांनी लिहिले. ज्यांचे घेतले त्यांच्यातल्या सर्वांत गरजूंपर्यंत ते परत जावे, एवढीच त्यांची इच्छा होती. न्यायासनासमोर उभे राहायची वेळ जवळ आली आहे हे त्यांना कळत होते, आणि मापट्याचा तो हिशोब मिटवल्याशिवाय त्यांना जायचे नव्हते.

पुढच्या वर्षी १२ मार्चला ते गेले. संत पेत्राच्या महामंदिरात त्यांना पुरण्यात आले. त्यांच्यामागून आलेले पोप सबिनियन ह्यांच्या काळात दुष्काळ पडला आणि चर्चची कोठारे उघडून धान्य विकत दिले गेले. ग्रेगरी ह्यांनी तिजोरी उधळली, अशी कुरकूर तेव्हा झाल्याचे पुढे सांगितले जाऊ लागले. ह्या आरोपाचे उत्तर लॅटरनच्या त्या नोंदवहीत होते. पैसा कुठे गेला हे तिच्यात नावानिशी लिहिलेले होते.

आपल्या वर्षअखेरीसाठी

ग्रेगरी ह्यांनी पोप म्हणून देवाच्या सेवकांचा सेवक हे नाव लावले आणि त्यांच्यानंतरचे पोपही ते लावत आले. हिशोब ठेवणे हासुद्धा त्यांच्या सेवेचाच भाग होता. आजच्या ख्रिस्तसभेचा कायदाही तेच सांगतो. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थ समिती असली पाहिजे (कलम ५३७), जमाखर्चाच्या वह्या व्यवस्थित ठेवून वर्षअखेरीस अहवाल तयार केला पाहिजे (कलम १२८४), ज्या कामासाठी दान मिळाले त्याच कामासाठी ते वापरले पाहिजे (कलम १२६७), आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशोब भाविकांना दिला पाहिजे (कलम १२८७).

म्हणून ३१ मार्चपूर्वी रोजकीर्द आणि पासबुक जुळवून पाहताना संत ग्रेगरी ह्यांचे काही प्रश्नही आपण स्वतःला विचारू या. छपराच्या दुरुस्तीसाठी जमलेला पैसा दुसऱ्या खर्चात मिसळला तर गेला नाही ना? घोड्यांच्या कळपासारखा, केवळ सवयीने चालू असलेला एखादा खर्च आपल्याकडे आहे का? लग्न, दफन किंवा दाखला ह्यासाठी सांगितलेली रक्कम गरीब कुटुंबाला ओझे वाटते का, आणि ती कमी करून मागता येते हे त्याला माहीत आहे का? गरिबांसाठीची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच वेगळी काढली होती की शेवटी उरली तर द्यायची होती? आणि ज्याचे बिल आपण थकवले आहे त्या मंडपवाल्याच्या, सुताराच्या, स्वयंपाकिणीच्या घरी वर्षअखेर कशी होत असेल?

हे प्रश्न फक्त समितीचे नाहीत. वार्षिक हिशोब फलकावर लागतो तेव्हा तो वाचणे, समजले नाही तर सौजन्याने विचारणे, कबूल केलेली वर्गणी वेळेवर भरणे आणि पावती मागून घेणे ही आपली कामे आहेत. जी माणसे संध्याकाळी कामावरून थेट चर्चच्या ऑफिसात येऊन रात्री उशिरापर्यंत आकडे जुळवतात त्यांच्यावर विनाकारण संशय न घेणे, हेसुद्धा आपलेच काम आहे. ताळेबंदात दोन्ही बाजू जुळल्या म्हणून काम संपत नाही. पँतालिओ ह्यांनी ते मापटे मोजेपर्यंत सिसिलीतले आकडेही जुळतच होते.

हे प्रभो, तुझ्या नावाने जमलेला प्रत्येक पैसा तुझ्या लेकरांचा आहे. तो घेताना आमचे मापटे खरे असू दे, मोजताना आमचे हात स्वच्छ असू दे आणि देताना आमचे मन मोकळे असू दे. कुणाचे चुकून जास्त घेतले असेल तर ते परत करण्याचे धैर्य आम्हांला दे. संत ग्रेगरी, आमच्या धर्मग्रामासाठी विनंती कर. आमेन.